डायक्स्ट्रा कुठून वाचायला घ्यावेत?

प्रश्न असा आहे: एड्सखर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाचे नाव अभ्यासक्रमात तीन-चार ठिकाणी वेगवेगळे भेटते. ग्राफमध्ये, म्हणजे नोड आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या जाळ्यात, शॉर्टेस्ट पाथ, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सेमाफोर, प्रोग्रामिंगच्या पहिल्या वर्षात ‘गोटू (कोडमध्ये दुसरीकडे उडी मारायची सूचना) वापरू नका’. या सगळ्यात काही सूत्र आहे का? आणि आज नोकरीत कोड लिहिणाऱ्याने त्यातले काय घ्यावे?

सूत्र आहे. ते शॉर्टेस्ट पाथमध्ये शोधले तर सापडत नाही, इंटरप्टमध्ये सापडते. म्हणून आधी थोडा इतिहास, तोही कामापुरता.

डायक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणिती. लायडन विद्यापीठात ते सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकत होते. १९५१ मध्ये केंब्रिजला एडसॅक यंत्रावरच्या प्रोग्रामिंगचा उन्हाळी वर्ग त्यांनी केला आणि मार्च १९५२ पासून ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात, म्हणजे माथेमाटिश सेंट्रममध्ये, अर्धवेळ प्रोग्रामर म्हणून लागले. १९५५ मध्ये भौतिकशास्त्र की प्रोग्रामिंग असा पेच पडला, तेव्हा केंद्रातले त्यांचे वरिष्ठ आड्रियान फान वाइनगार्डन यांनी त्यांना सांगितले की यंत्रे आता राहणारच आहेत, प्रोग्रामिंगला प्रतिष्ठित विद्याशाखा करण्याचे काम तूच का करू नयेस? १९५७ मध्ये लग्नाच्या नोंदीत त्यांनी व्यवसाय ‘प्रोग्रामर’ असा सांगितला, तर ॲमस्टरडॅमच्या अधिकाऱ्यांनी तो मान्य केला नाही. असा व्यवसायच नाही म्हणून ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ अशी नोंद झाली.

गणित केंद्रातली कामाची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. ब्राम लूपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन यंत्र बांधत. यंत्राच्या सूचना नेमके काय करतील याचे वर्णन आधी कागदावर ठरे आणि त्या वर्णनावरून डायक्स्ट्रा प्रोग्राम लिहीत. यंत्र तयार होण्याआधी प्रोग्राम तयार असे, पण चालवून पाहायला यंत्र नसे. जे लिहायचे ते कागदावरच बरोबर आहे याची खात्री करून घ्यावी लागे. पुढे आयुष्यभर टिकलेली त्यांची सवय इथली आहे.

मग एक्स-१ आले. या यंत्रात इंटरप्टची सोय ठेवावी असे लूपस्ट्रा आणि स्कोल्टेन यांनी सुचवले: छापयंत्र किंवा टेप वाचणारे यंत्र मोकळे झाले की चालू प्रोग्राम मध्येच थांबेल, त्या यंत्राकडे बघेल आणि परत आपल्या जागी येईल. डायक्स्ट्रा यांना याची धास्ती वाटली आणि त्यांनी निर्णय काही महिने लांबवला. कारण सरळ होते. प्रोग्राम कोणत्या क्षणी थांबेल हे आता प्रोग्रामच्या हातात राहत नाही. हजार वेळा बरोबर चाललेला प्रोग्राम हजार एकाव्या वेळी वेगळ्या जागी थांबेल आणि चुकेल, ती चूक पुन्हा घडवून पाहता येणार नाही, आणि चूक यंत्राची की प्रोग्रामची हेही सांगता येणार नाही. अखेर त्यांनी ते काम घेतले, आणि १९५९ चा त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध याच कामावर आहे.

चाचणी करून जिथे खात्री होत नाही तिथे प्रोग्रामची रचनाच अशी हवी की विचार करून खात्री होईल. सेमाफोर, गोटूवरचे पत्र, लूपचे इनव्हेरियंट (प्रत्येक फेरीत खरे राहणारे विधान), स्वतः सावरणाऱ्या प्रणाली, या सगळ्यांच्या मागे हाच आग्रह आहे. ‘चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते, दोष नाहीत हे कधीच नाही,’ हे त्यांचे वाक्य सगळीकडे फिरते, पण ते इंटरप्टच्या संदर्भात वाचले की त्याची गरज कळते.

आता एकेक काम घेऊ. शॉर्टेस्ट पाथपासूनच सुरुवात करू, कारण तो सगळ्यांना येतो असे वाटते आणि प्रत्यक्षात तिथेच ठरावीक चुका होतात.

१९५६ मध्ये आर्माक यंत्राच्या उद्घाटनाला सामान्य माणसाला समजेल असे काही दाखवायचे होते. डायक्स्ट्रा यांनी नेदरलँड्सचा ६४ शहरांचा सोपा नकाशा घेतला. ६४ एवढ्यासाठी की शहराचा क्रमांक ६ बिटांत बसतो. पद्धत त्यांना ॲमस्टरडॅममध्ये होणाऱ्या पत्नीबरोबर कॉफी घेताना सुमारे २० मिनिटांत सुचली, कागद-पेन्सिलीशिवाय. छापून आली १९५९ मध्ये, तीन पानांत. त्याच लेखातला आणखी एक प्रश्न सगळे नोड कमीत कमी लांबीने जोडण्याचा होता. तो एक्स-१ च्या पॅनेलमागे तांब्याची तार कमीत कमी लागावी या गरजेतून आला होता.

पद्धत एका छोट्या उदाहरणात पाहा. क ते ख ४, क ते ग १, ग ते ख २, ख ते घ ५, ग ते घ ८. क पासून घ ला जायचे आहे. क ला ० द्या, बाकी सगळे अनंत. क पक्का करा: ख ४, ग १. उरलेल्यांत सर्वांत कमी ग, तो १ वर पक्का. ग मधून ख ला १ + २ = ३, म्हणून ४ खोडून ३. घ ला ९. आता ख ३ वर पक्का, त्यातून घ ला ८, म्हणून ९ खोडून ८. शेवटी घ ८ वर पक्का.

पहिली चूक इथेच होते. घ दिसल्याबरोबर थांबणारा कोड ९ उत्तर देतो. थांबायचे ते नोड रांगेतून बाहेर येऊन पक्का होताना. दुसरी चूक: प्रायॉरिटी क्यू (सर्वांत लहान किंमत आधी देणारी रांग) वापरताना ख ची जुनी नोंद ४ रांगेत तशीच राहते. ती बाहेर आल्यावर सध्याच्या अंतराशी ताडून, मोठी असेल तर टाकून द्यायची. हे तपासले नाही तर उत्तर बहुधा बरोबरच येते, पण मोठ्या ग्राफवर वेळ अकारण वाढतो आणि कारण सापडत नाही. तिसरी: अनंत म्हणून पूर्णांकाची सर्वांत मोठी किंमत ठेवली आणि तिच्यात रस्त्याची लांबी मिळवली, तर ती फिरून ऋण होते आणि न पोहोचता येणारा नोड सर्वांत जवळचा ठरतो.

ऋण लांबी का चालत नाही, हे पाठ करण्यापेक्षा करून पाहा. क ते ख २, क ते ग ३, ग पासून ख ला उणे २. ख आधी २ वर पक्का होतो. मग ग मधून ख ला १ मिळतो, पण ख वर शिक्का बसलेला असतो. ‘जो सर्वांत जवळ आहे त्याला आणखी जवळचा रस्ता सापडणे शक्य नाही’ हा एकच युक्तिवाद सगळ्या पद्धतीला धरून आहे आणि ऋण लांबी तोच मोडते. सगळ्या लांबींत २ मिळवून ऋण घालवावे असे अनेकांना सुचते. तसे केले तर क ते ख ४ होतो आणि ग वरून ५ + ० = ५, म्हणजे चुकीचा रस्ता निवडला जातो, कारण जास्त टप्प्यांच्या रस्त्याला जास्त दंड बसतो. ऋण लांबी असेल तर बेलमन-फोर्ड ही दुसरी पद्धत घ्या.

मूळ लेखात हीप, म्हणजे लहानात लहान किंमत चटकन काढून देणारी रचना, नाही. प्रत्येक फेरीला सगळ्या उरलेल्या नोडांतून लहानात लहान शोधायचा. ६४ शहरांना तेवढे पुरते, आणि जवळजवळ प्रत्येक नोड प्रत्येकाशी जोडलेला असेल तर आजही साधा ॲरे हीपपेक्षा बरा पडतो. विरळ ग्राफला, म्हणजे रस्त्यांच्या जाळ्याला, हीपच हवा. राउटरमधला ओएसपीएफ प्रोटोकॉल हीच पद्धत चालवतो. तिथे लिंकचा खर्च १ ते ६५५३५ असतो, त्यामुळे ऋणाचा प्रश्न आपोआप मिटतो.

शॉर्टेस्ट पाथ त्यांनी फारसा महत्त्वाचा मानला नव्हता, तीन वर्षे छापलाही नाही. माझ्या मते १९६० ते १९६८ हा काळ त्याहून मोलाचा आहे.

ऑगस्ट १९६० मध्ये डायक्स्ट्रा आणि याप झोनेव्हेल्ड यांचा एक्स-१ वरचा अल्गोल ६० या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर चालू झाला. तो जगातल्या पहिल्या अल्गोल ६० कंपायलरांपैकी. फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची मुभा अल्गोलमध्ये होती आणि ती त्यांनी स्टॅकच्या आधारे सरळपणे पुरवली. गणिती राशी वाचून कोणती क्रिया आधी करायची हे ठरवणारी शंटिंग यार्ड पद्धत याच कामातली. तिची अंमलबजावणी स्वतः करून पाहा, दोन ठिकाणी अडाल. घातांक उजवीकडून जोडतो, म्हणून २^३^२ चे उत्तर ५१२ यायला हवे, ६४ नव्हे. स्टॅकवरचे चिन्ह समान प्राधान्याचे असेल आणि नवे चिन्ह उजवीकडून जोडणारे असेल तर जुने काढायचे नाही. दुसरे, अंकाआधीचे उणे आणि वजाबाकीचे उणे वेगळे आहेत. मागे काहीच नसेल, उघडा कंस असेल किंवा दुसरे चिन्ह असेल तर ते पहिल्या प्रकारचे.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे इलेक्ट्रोलॉजिका एक्स-८ वर त्यांनी आणि त्यांच्या छोट्या गटाने टीएचई ही ऑपरेटिंग सिस्टिम केली. मुख्य मेमरी ३२ हजार शब्दांची, प्रत्येक शब्द २७ बिटांचा, जोडीला साठवणीसाठी फिरता ड्रम. रचना थरांची होती. सर्वांत खालचा थर प्रोसेसरचा वेळ वाटतो, आणि त्याच्या वरच्या कोणालाच इंटरप्ट दिसत नाही. त्यावर मेमरी आणि ड्रम यांची देवघेव करणारा थर, त्यावर ऑपरेटरच्या टाइपरायटरशी बोलणारा, त्यावर इनपुट-आउटपुटचे बफर, आणि मग वापरणाऱ्यांचे प्रोग्राम. खालचा थर पूर्ण तपासल्याशिवाय वरचा चढवायचा नाही. १९६८ च्या लेखात त्यांनी नोंदवले आहे की चाचणीत सापडलेल्या चुका सगळ्या किरकोळ लेखनाच्या होत्या, ५०० सूचनांमागे एक या प्रमाणात, आणि प्रत्येक चूक १० मिनिटांत सापडली. पुन्हा न घडणारी चूक, जिची धास्ती एक्स-१ च्या वेळी होती, ती एकही नाही.

हे साधले सेमाफोरमुळे. सेमाफोर म्हणजे एक पूर्णांक आणि त्यावर दोनच क्रिया. पी: किंमत शून्याहून मोठी असेल तर एक कमी कर, नाहीतर थांब. व्ही: एक वाढव, कोणी थांबले असेल तर त्याला सोड. दोन्ही अखंड, म्हणजे क्रिया चालू असताना मध्ये दुसरे कोणी घुसू शकत नाही. कोण किती वेगाने चालतो याबद्दल काहीही गृहीत धरायचे नाही, ही अट मात्र डायक्स्ट्रा यांनी कधी सोडली नाही.

बफरचे उदाहरण घ्या. तीन सेमाफोर लागतात: रिकामे, सुरुवातीला बफरच्या जागांइतके, भरलेले, सुरुवातीला ०, प्रवेश, सुरुवातीला १. माल टाकणारा क्रमाने करतो: पी(रिकामे), पी(प्रवेश), टाक, व्ही(प्रवेश), व्ही(भरलेले). घेणारा करतो: पी(भरलेले), पी(प्रवेश), घे, व्ही(प्रवेश), व्ही(रिकामे). आता टाकणाऱ्याच्या पहिल्या दोन पी ची अदलाबदल करा. बफर भरलेला असताना तो प्रवेश अडवून रिकाम्या जागेची वाट पाहत बसतो, आणि जागा रिकामी करणारा त्याच प्रवेशाची वाट पाहतो. डेडलॉक. दोन व्ही ची अदलाबदल केली तर मात्र असे होत नाही, कारण व्ही कोणाला थांबवत नाही. बफर १००० जागांचा ठेवून चाचणी घेतली तर तो बहुधा भरतच नाही, चूक लपते आणि ग्राहकाकडे जाऊन उघडी पडते. अशी चाचणी नेहमी एका जागेच्या बफरवर घ्या.

फक्त वाचणे-लिहिणे वापरून कितीही प्रोसेसना एकमेकांच्या आड न येऊ देण्याचा उपायही त्यांनी १९६५ मध्ये दिला. दोन प्रोसेसपुरता उपाय त्याआधी डेकर यांचा होता. हे अल्गोरिदम आजच्या यंत्रावर जसेच्या तसे उतरवू नका. प्रोसेसर आपले लिहिणे बफरमध्ये ठेवून पुढचे वाचणे आधी उरकतो, दोघांनाही समोरच्याचा झेंडा, म्हणजे ‘मला आत जायचे आहे’ सांगणारे व्हेरिएबल, खाली दिसतो आणि दोघेही आत शिरतात. मेमरी बॅरियर (वाचणे-लिहिणे क्रमाने करायला लावणारी सूचना) किंवा भाषेतले ॲटॉमिक व्हेरिएबल लागतेच. युक्तिवाद चुकलेला नाही, वाचणे-लिहिणे क्रमाने होते हे त्यातले गृहीतक आजच्या प्रोसेसरला लागू नाही.

डेडलॉक टाळण्यासाठीच्या बँकर्स अल्गोरिदमवर फार वेळ घालवू नका. प्रत्येक प्रोसेसची कमाल गरज आधी कळलेली असावी लागते, आणि ती सहसा कळत नाही. रोजच्या कामाला जेवणाऱ्या तत्त्वज्ञांच्या कोड्याचे (गोल टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला जेवायला दोन्ही बाजूंचे काटे लागतात) उत्तर जास्त उपयोगी आहे: काट्यांना क्रमांक द्या आणि प्रत्येकाने लहान क्रमांकाचा आधी उचलावा. लॉक नेहमी एकाच क्रमाने घेण्याचा नियम तो हाच.

गोटूवरचे पत्र मार्च १९६८ चे. गाजलेला मथळा संपादक निकलाउस विर्ट यांनी दिला. डायक्स्ट्रा यांनी आपला मजकूर गोटूच्या विरोधातली बाजू एवढ्याच साध्या नावाने पाठवला होता. लोक मथळा वाचून थांबतात. आतला प्रश्न असा आहे: प्रोग्राम चालता चालता थांबवला, तर तो कुठवर आला हे किती थोडक्यात सांगता येईल? सरळ सूचनांमध्ये ओळ क्रमांक पुरे. फंक्शन असेल तर ओळ क्रमांकांची साखळी. लूप असेल तर सोबत कितवी फेरी. बेबंद गोटू आला की असा पत्ता उरत नाही, मग ‘या वेळी अमुक व्हेरिएबलचा अर्थ काय’ हेही सांगता येत नाही. डीबगरमधला स्टॅक ट्रेस हा नेमका तोच पत्ता आहे. कॉलबॅकच्या जंजाळात किंवा थ्रेड मोकाट सोडल्यावर ट्रेस अर्धवट येतो, तेव्हा तुम्ही त्याच पत्रातल्या अडचणीत असता, कोडमध्ये गोटू नसला तरी. उलट लिनक्स कर्नलमध्ये चूक झाल्यावर फंक्शनच्या शेवटी उडी मारून घेतलेली साधने परत करण्यासाठी गोटू वापरतात. ती उडी फक्त पुढे जाते, पत्ता मोडत नाही. त्याला डायक्स्ट्रांचे नाव घेऊन हरकत घेणे हे पत्र न वाचल्याचे लक्षण आहे.

इनव्हेरियंटची सवय लावायला बायनरी सर्च, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी निम्मा भाग वगळत शोधणे, सगळ्यांत चांगला. लूपआधी एक वाक्य लिहा: डावी च्या आधीचे सगळे घटक शोधलेल्या किमतीहून लहान, उजवी पासून पुढचे सगळे तेवढे किंवा मोठे. सुरुवातीला डावी ०, उजवी म्हणजे घटकांची संख्या, त्यामुळे दोन्ही बाजू रिकाम्या आणि वाक्य आपोआप खरे. मधला घटक लहान असेल तर डावी = मध्य + १, नाहीतर उजवी = मध्य. दोन्ही वेळा वाक्य खरेच राहते. आता लूप थांबतो का? उजवी वजा डावी प्रत्येक फेरीत कमी व्हायला हवे. चुकून डावी = मध्य लिहिले, तर डावी ४, उजवी ५ असताना मध्य ४ येतो आणि लूप तिथेच फिरत राहतो. मध्य काढताना दोन्हींची बेरीज करू नका, डावी + (उजवी − डावी) ÷ २ लिहा. ३२ बिटांत बेरीज २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की ऋण होते. हा दोष जावाच्या लायब्ररीतही २००६ मध्ये उघडकीला येईपर्यंत वर्षानुवर्षे होता. मोजणी ० पासून आणि उजवे टोक वगळून करावी हा आग्रह त्यांनी १९८२ च्या टिपणात मांडला आहे. या लूपमध्ये त्याचा फायदा समोरच दिसतो.

१९७२ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले. १९७३ पासून ते बरोज कंपनीचे संशोधक म्हणून नुनेनच्या घरातून काम करत, १९८४ ते १९९९ ऑस्टिनला टेक्सास विद्यापीठात शिकवत होते. ६ ऑगस्ट २००२ रोजी नुनेनला त्यांचे निधन झाले.

या काळातला १९७४ चा दोन पानी लेख मला त्यांच्या सगळ्या कामात सर्वांत देखणा वाटतो. कडे करून बसलेली यंत्रे, एका वेळी एकालाच काम करायची परवानगी हवी. यंत्रांची स्थिती कशीही बिघडली तरी कोणी बाहेरून हात न लावता ती पुन्हा शिस्तीत यायला हवीत. कागदावर करून पाहा: चार यंत्रे, प्रत्येकाकडे ० ते ३ मधला एक अंक. यंत्र ० चा अंक शेवटच्या यंत्राइतका असेल तर त्याला परवानगी, आणि ते आपला अंक एकाने वाढवते, ३ नंतर ०. बाकीच्यांचा अंक डाव्या शेजाऱ्याहून वेगळा असेल तर परवानगी, आणि ते शेजाऱ्याचा अंक उतरवून घेतात. मुद्दाम बिघडवून सुरू करा: २, ०, ३, १. परवानग्या तीन आहेत. यंत्र १ चालले: २, २, ३, १. यंत्र २: २, २, २, १. आता परवानगी एकच. यंत्र ३: २, २, २, २. मग यंत्र ०: ३, २, २, २. इथून पुढे नेहमी एकच. अंकांचे प्रकार यंत्रांच्या संख्येइतके तरी ठेवा, तसे केले की सुरुवात कशीही असली तरी हे घडते. या लेखाकडे कित्येक वर्षे फारसे कोणी पाहिले नाही. १९८३ च्या एका व्याख्यानात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्याचे महत्त्व सांगितले, आणि २००२ मध्ये वितरित संगणनाचे जे पारितोषिक त्याला मिळाले ते पुढच्या वर्षीपासून डायक्स्ट्रा यांच्याच नावाने दिले जाते.

त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. हाताने सिद्धता करत प्रोग्राम रचण्याची त्यांची रीत काही शे ओळींच्या गाभ्याला उत्तम चालते. लाखो ओळींच्या, रोज बदलणाऱ्या कोडला ती जशीच्या तशी लागू होत नाही, तिथे आपोआप चालणाऱ्या चाचण्या लागतातच. आणि बेसिक, कोबोल वगैरे भाषांवरची त्यांची बोचरी वाक्ये उचलून त्यांना ओळखू नये. ती एका टिपणातली आहेत, आणि त्यांचे खरे काम त्यात नाही.

वाचनाचा क्रम असा ठेवा. आधी टंकून, पुढे फाउंटन पेनने लिहून, क्रमांक देऊन, छायाप्रती काढून ते सहकाऱ्यांना पाठवत ती टिपणे ईडब्ल्यूडी म्हणून ओळखली जातात. ती १३०० हून अधिक आहेत आणि टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात मोफत वाचता येतात. आधी १३०३, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आठवणी, इंटरप्टची कथा त्यात आहे. मग २१५, गोटूवरचा मूळ मजकूर. मग १२३, सहकार्य करणाऱ्या प्रोसेसवरचे दीर्घ टिपण. हे पेन-कागद घेऊन, प्रत्येक चुकीचा उपाय का चुकला ते स्वतः शोधत वाचायचे, पुढचे पान न उलटता. त्यानंतर २४९, संरचित प्रोग्रामिंगवरची टिपणे, आणि ८३१, मोजणी ० पासून का करावी ते टिपण. वीकेस्ट प्रीकंडिशनवरचे (हवा तो निकाल मिळायला सुरुवातीला कमीत कमी काय खरे असावे, यावरचे) लेखन शेवटी घ्या. अनेक टिपणांचा संगणकावर उतरवलेला मजकूरही तिथे आहे. शोधायला तो सोयीचा, पण सूत्रे आली की मूळ टिपणाची प्रत शेजारी उघडी ठेवा.